एका डोक्यापुरती कमान

होळी पेटून विझली की यवतमाळात सगळ्यांना एकदम कूलर आठवतात. पावसाळाभर, हिवाळाभर गच्चीवर उताणे पडलेले पत्र्याचे डबे खाली उतरतात. कोणाचा तळ गंजलेला, कोणाचा पाय मोडलेला, कोणाच्या जाळीत चिमणीनं संसार मांडलेला. मग लोहारा भागातल्या आमच्या वेल्डिंगच्या शेडसमोर गर्दी. "बाई, स्टँड पाहिजे." "बाई, एवढा एक टाका मारून द्या, दोन मिनिटांचं काम हाये." दोन मिनिटांचं काम घेऊन येणारा माणूस अख्खी सकाळ खातो, हे मी या धंद्यात शिकले. वरून चहाही तोच मागतो.

त्यात तो वास. कूलरच्या नव्या खसवर, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवर, पहिलं पाणी पडलं की ओला, मातकट, गोडसर वास सुटतो. समोरच्या दुकानात कूलर विकायला ठेवलेत, दुपारी ते सगळे चालू असतात, आणि वारा थेट आमच्या शेडमध्ये येतो. लोकांना त्या वासानंच गार वाटतं. मी पदर नाकाला लावते. गिऱ्हाईकं आपसात म्हणतात, शोभाबाईले उन्हाळा लागते, या दिवसांत तिच्या तोंडी लागू नये. नका लागू. ऊन मला कधीच लागलं नाही. मला एक हंगाम लागला, आणि मेला दर साली होळी झाली की दारात येऊन उभा राहतो.

त्या हंगामात आमच्या शेडमध्ये कूलरच्या गर्दीत एक निळी गाडी उभी होती.

तेव्हा दादा होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सुधाकर मिस्त्री. तो जोडायचा, मी रंगवायची. आधी तांबड्या प्रायमरचा हात, मग वरचा रंग. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले तेव्हा सगळी भावकी मला समजवायला येऊन गेली. दादानं फक्त हातात ब्रश दिला आणि म्हणाला, "रडाचं अशीन तं रड, पण हात चालू ठेव." एवढंच. त्याला जास्त येत नव्हतं आणि मलाही जास्त नको होतं.

मेलेल्या माणसाला देव करायची आपल्याकडं फार हौस, म्हणून सांगून ठेवते, दादा काही देवमाणूस नव्हता. एक नंबरचा बढाईखोर. स्वतः केलेल्या फाटकासमोरून जाताना मोटरसायकल मुद्दाम हळू करायचा आणि मागं बसलेल्याला विचारायचा, "हे गेट कोणाचं अशीन, सांग बरं?" मागं बहुतेक मीच असायची. मी म्हणायची, "असंच कोणत्यातरी चोराचं." मग घर येईपर्यंत बोलायचा नाही. मिशी मोठी ठेवलेली, ती ठिणग्यांनी मधून मधून जळायची, आणि वेल्डिंगचा मुखवटा चढवण्याआधी तो मिशीवरून हात फिरवायचा. नवरदेव असल्यासारखा!

गाडी डॉक्टरांची. दाताचे डॉक्टर, गावात दवाखाना. माणूस वाईट नाही, हेही आधीच सांगते. वाईट असता तर माझं काम सोपं होतं. शिव्या घालून मोकळी झाले असते. परदेशातली कोणती तरी जुनी शर्यतीची गाडी, तिची हुबेहूब नक्कल करायचं वेड या माणसाच्या डोक्यात बसलेलं. फायबरची बॉडी बाहेरून मागवली, इंजिन एका भंगारातल्या गाडीचं, आणि बाकी सगळं स्वतःच्या बंगल्यामागच्या टिनाखाली. दवाखाना बंद केला की डॉक्टर गाडीखाली. वर छप्पर नाही, दोन सीटा, लांबलचक नाक, निळा रंग, मधोमध दोन पांढरे पट्टे. आमच्या शेडमध्ये ती आली त्या दिवशी कूलरवाले कूलर विसरले. सगळे बोट लावून पाहत होते. दादानं दोघांना हाकललं, मग स्वतःच बोट लावून पाहिलं.

"मिस्त्री, रोल बार बसवायचा आहे," डॉक्टर म्हणाले. "ड्रायव्हरच्या मागं. गाडी उलटली तर डोकं वाचलं पाहिजे."

"म्हंजे कमान."

"कमान नाही हो. रोल बार."

"डॉक्टर, नळी वाकवली अन् तिचे दोन पाय जमिनीले टेकवले का तिले कमानच म्हणतेत. तुम्ही एका दाढेले काय काय म्हणता, आम्ही बोलतो का कधी?"

डॉक्टर खो खो हसले. तेव्हापासून तेही कमानच म्हणायला लागले. त्यांनी सोबत एक मोठा रंगीत फोटो आणला होता, मूळ गाडीचा. दादानं तो स्विचबोर्डाशेजारी चिकटपट्टीनं भिंतीला लावला. "फोटोत आहे तशीच पाहिजे, मिस्त्री. डिट्टो." दादाला 'डिट्टो' शब्द भारी आवडला. पुढं कूलरच्या गिऱ्हाइकालाही तो डिट्टो, डिट्टो करत होता.

तो फोटो अजून भिंतीवर आहे. कडा पिवळ्या पडल्यात, निळ्याचा राखाडी झालाय. मी तो काढला नाही. मी त्याच्याकडं इतक्यांदा पाहिलं आहे की डोळे मिटून सांगू शकते: हिरवळीवर गाडी, मागं झाडं, सीटमागं एकच काळी चकचकीत कमान. आणि गाडीत कोणी बसलेलं नाही. फोटोतल्या गाडीला काय, डिट्टो असली की झालं. माणसं बसवायची गरज पडत नाही.

नळी जाड घेतली. जाड नळी वाकवायची म्हणजे आमच्याकडं वाळूचं काम. रिकामी नळी तापवून वाकवली की पोटातून चपटी होते, म्हणून आत कोरडी वाळू ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाचे गुट्टे मारायचे, आणि मग लाल करून ट्रकच्या जुन्या चाकाभोवती वळवायची. वाळूत ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि गुट्टा सुटून कोणाचं तरी कपाळ फोडतो. म्हणून वाळू आधी भाजायची. ते काम माझं. विटांच्या चुलीवर लोखंडी कढई, खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, आणि मी फुटाणे भाजल्यासारखी वाळू हलवत बसलेली. पऱ्हाटी भडकन पेटते, भडकन विझते, सारखी घालत राहावी लागते. समोरून खसचा ओला वास, चुलीतून धूर, डोक्यावर तापलेलं टिन. दादा आला, चिमूटभर वाळू तळहातावर घेतली, पाहिली आणि म्हणाला, "मीठ कमी हाये."

"कढईच डोक्यावर ओतते, थांब."

हसला. हे असलं सगळं आठवतं. माणसाचं मोठं काही आठवत नाही, मीठ कमी आहे हे आठवतं.

नळी वळताना पाहण्यासारखी होती. लाल नळीला घाबरत घाबरत वळवलं की ती मध्येच रुसते, आणि एकदा रुसली की तिथं कायमचा मोडा. दादा घाबरत नव्हता. त्याच्या कपाळाचा घाम नळीवर पडून चर्र करायचा, आणि तो दात ओठ खाऊन, सगळं अंग लावून, एका दमात ओढायचा. कमान झाली. वाळू काढली, नळी ओरडून पाहिली. म्हणजे तो एका तोंडातून ओरडला, "शोभेऽऽ" आणि दुसऱ्या तोंडाला कान लावून मी म्हणाले, "बहिरी नाई मी."

मग दादानं फोटो पाहून कमान उभी केली. शेजारी फोटो, इकडं गाडी. फोटोत पाहायचा, टाका मारायचा, पुन्हा पाहायचा. पक्का जोड नंतर, आधी जागेवर धरायला नुसते टाके. मागचा आधारही तसाच टाक्यावर. मी समोर उभी राहून म्हटलं, डिट्टो. संध्याकाळी डॉक्टर कचोऱ्यांची पुडी घेऊन आले, दारातूनच पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो मिस्त्री! त्या देशात स्टेअरिंग डावीकडं असतं. म्हणून फोटोत कमान डावीकडं आहे. आपलं स्टेअरिंग कुठं आहे?"

दादानं स्टेअरिंग पाहिलं. ते उजवीकडं. कमान पाहिली. ती डावीकडं. फोटो पाहिला. "अरे बाप्पा!" म्हणाला आणि खाली बसला. मग जे हसणं सुरू झालं! डॉक्टर गाडीला टेकून हसतायत, दादा मिशी पुसतोय, माझ्या पोटात दुखायला लागलं. दादा म्हणाला, "म्या डॉक्टरीणबाईचं डोकं वाचवलं, तुमचं राहूनच गेलं!" हातातल्या कचोऱ्या थंड झाल्या तरी आम्ही हसतच होतो. आता वाटतं, त्या शेडमध्ये एवढं हसणं पुन्हा झालंच नाही.

त्या हसण्यातच दादा म्हणाला, "राहू द्या ना मंग हे बी. उजवीकडं दुसरी करून देतो. नळी हाये, वाळू हाये, भाजाले शोभी हाये. फोटोतल्या गाडीचा मालक शर्यतीत एकटा पळत अशीन. आपल्या इकडं बाजूची सीट खाली कोण जाऊ देते? चौकात उभं राहिलं का कोणी ना कोणी बसतेच."

डॉक्टरांनी फोटोकडं पाहिलं. गाडीकडं पाहिलं. मान हलवली.

"नको मिस्त्री. फोटोत एकच आहे. दोन केल्या की जीप दिसेल."

"तुमचं डोकं, तुमची कमान," दादा म्हणाला.

त्यानं फार ताणलं नाही. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. तोही दोन पावलं मागं सरला, डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "एकच झ्याक दिसते, खरं." त्यालाही त्या फोटोची बाधा झाली होती. त्यानं ग्राइंडर चालवला, डावीकडचे टाके तोडले, कमान उचलून उजवीकडं आणली. डावीकडच्या लोखंडावर टाक्यांच्या जागी चकचकीत चट्टे राहिले, त्यावर मी काळा हात मारला. वरून गालिचा आला. कोणाला दिसायचं कारण नव्हतं.

उजवीकडचा पक्का जोड लावला त्या दिवशी दादा कोणाशी बोलला नाही. कूलरवाल्यांना मीच परतवलं. रॉडमागून रॉड संपत होता, निळा उजेड टिनावर नाचत होता, आणि वरची पपडी ठोकून काढली की खालून जोड असा निघायचा, माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, एकसारखा. मी म्हटलं, घासून सपाट करून दे, रंग चांगला बसेल. तर अंगावर आला. "रेलिंग हाये का हे? जोड घासला का मेला." मग कमानीला दोन्ही हातांनी लटकला. पाय वर घेतले. गाडी चाकांवर हलली, कमान हलली नाही. खाली उतरून मिशीवरून हात फिरवला. "हे तुटली तं मिशी काढीन."

तुटली नाही. मिशी शेवटपर्यंत होती.

त्या संध्याकाळी डोळ्यांना वेल्डिंग लागलं म्हणून तो ओसरीवर आडवा पडला होता, डोळ्यांवर कच्च्या आलूच्या चकत्या ठेवून. वहिनी ओरडत होती, चांगल्या भाजीचे आलू डोळ्यावर घेते हा माणूस. आणि हा चकत्यांखालून मला सांगतोय, "शोभे, पहिला फेरा आपला हाये बरं. केळापूरच्या देवीले जाऊन राह्यलो आम्ही."

पहिला फेरा ही आमच्या शेडची रीत. बाबांनी घातलेली. ट्रॉली असो, टँकर असो, काम पुरं झालं की पहिल्या फेरीला मालकानं चालवायचं आणि मिस्त्रीनं बाजूला बसायचं, देवाला नारळ फोडून परत यायचं. त्यात मानपान नव्हता. काम कच्चं निघालं तर पहिला मार मिस्त्रीला बसेल, एवढा साधा हिशेब होता. बाबा म्हणायचे, ज्यानं केलं त्यानं बसावं, म्हणजे मालक निश्चिंत. बाबा कितीतरी डुगडुगत्या ट्रॉल्यांवर बसून गेले आणि नारळाचा तुकडा खात परत आले. रीत चांगली होती. रीत घालणाऱ्यानं कच्च्या कामाचा विचार केला होता. पक्क्या कामानं माणूस मरेल, असं त्याला कुठून सुचणार?

दादानं इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी त्याला आपला काळा चष्मा दिला. तो घालून तो डाव्या सीटवर असा बसला की मी म्हटलं, "उतर खाली, लोक घाबरतीन." डॉक्टरांनी विचारलं, "पट्टा बांधला का, मिस्त्री?" दादानं पट्टा ओढून दाखवला. दोघांनीही बांधला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक मला हेच विचारत राहिले, पट्टा नसंन बांधला, नाही का? बांधला होता हो. दोघांनीही. त्या गाडीत दोन माणसांत फरक एकच होता.

केळापूरला पोचले, नारळ फोडला. परतीच्या वाटेवर एका वळणावर पऱ्हाट्यांची ट्रॉली. या दिवसांत कापसाचं रान रिकामं होतं, शेतकरी उभ्या पऱ्हाट्या उपटून घरी नेतात, आणि ट्रॉली भरली की अर्धा रस्ता पऱ्हाटीचाच. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली, चाक डांबराखाली उतरलं, मातीत रुतलं, आणि गाडी उलटली. ट्रॉलीवाला तिकडच्या एका तांड्यावरचा माणूस. त्याची काही चूक नव्हती, तरी तेराव्याला येऊन आमच्या ओसरीवर बसला. मी विचारलं, गाडी कशी पडली होती? त्याला शब्दात सांगता येईना. त्यानं हाताचा पंजा पालथा करून फरशीवर ठेवला, आणि एका कडेनं उचलला. एक कड वर, एक कड फरशीला टेकलेली. "अशी," म्हणाला.

पुढं काही विचारायची गरज उरली नाही. वरची कड कमानीची. डॉक्टर त्या कडेखालून सरपटत बाहेर आले होते, ओठ तेवढा फाटलेला.

आणि लोक! मातीला आलेले लोक काय म्हणाले ऐका. "वेल्डिंग मात्र पक्की निघाली हां." "हातात जादू होती माणसाच्या." "जाता जाता डॉक्टरचा जीव वाचवून गेला, नाव काढलं." एक जण तर ती गाडी पाहून आला होता, तो दुसऱ्याला समजावून सांगत होता की नळीला मोडासुद्धा नाही. तिकडं वहिनी बेशुद्ध, आणि इकडं जोडाचं कौतुक चाललंय. मी उठून त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून भावकीत मी तोंडाळ. वहिनी मुलांना घेऊन उमरखेडला माहेरी गेली, तिथंच आहे. कधी फोन केला तर मुलांच्या शाळेचं बोलते, यवतमाळचं विचारत नाही. शेडचं कुलूप मी उघडलं. वेल्डिंगचा होल्डर हातात धरला. आता जोडतेही मीच आणि रंगवतेही मीच.

डॉक्टर दर खंडेनवमीला येतात. आम्ही यंत्रांची पूजा करतो त्या दिवशी. दादाच्या फोटोला मोठा हार आणतात, वेल्डिंग मशीनला छोटा. पाया पडतात. दवाखान्यात येणाऱ्या पेशंटलाही सांगतात म्हणे, मी आहे तो आमच्या मिस्त्रीमुळं. सांगताना रडतात, आणि खोटं रडत नाहीत. मी चहा ठेवते आणि वाट पाहते. वाटतं, आज त्या रडण्यात ते वाक्य येईल. 'मिस्त्री दुसरी करून देतो म्हणाला होता, मीच नको म्हणालो.' बस, एवढंच. मला माफी नको, भरपाई तर नकोच नको. फक्त ते वाक्य त्यांच्या तोंडून पाहिजे. कारण त्या दिवशी शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. दादा गेला. डॉक्टर बोलत नाहीत. मग उरले मी, आणि मी तर तोंडाळ. मी सांगितलं तर लोक म्हणतील, एवढ्या भल्या माणसावर बाई आळ घेते. म्हणून ते वाक्य मी एकटी सांभाळत बसले आहे. दर साली चहा गार होतो, डॉक्टर डोळे पुसतात, मोटारीत बसून जातात.

यंदा होळी झाली, कूलर आले, खसचा वास आला, आणि त्यामागून ती निळी गाडी आली.

बॉडी नवी घातली होती. कमान तीच, खालचा सांगाडाही तोच. एका बाजूनं रंग खरवडलेला, आत पांढरं लोखंड दिसत होतं. वाकली नव्हती कुठं. डॉक्टर उतरले. केस पिकलेत आता. डाव्या सीटवर त्यांची पोरगी होती, ती उतरली नाही.

"शोभाताई, डावीकडंही एक कमान करून पाहिजे. ही ऐकत नाही, मला गाडीत बसायचंच म्हणते." पोरीच्या सीटमागं हात ठेवला. "खरं म्हणजे तेव्हाच करायला पाहिजे होती. पण तेव्हा कोणालाच सुचलं नाही."

माझ्या हातात ग्राइंडर चालू होता. मी तो बंद केला. तो लगेच थांबत नाही, घरघरत घरघरत थांबतो. मी थांबू दिला.

"कोणाले नाई सुचलं?"

"म्हणजे... आपल्या कोणालाच."

"दादाले सुचलं होतं, डॉक्टर. तुम्ही उभे हा ना, तिथंच तो उभा होता. म्हणला, हे राहू द्या, उजवीकडं दुसरी करतो. नळी हाये, वाळू हाये. तुम्ही म्हणले, फोटोत एकच आहे. दोन केल्या तं जीप दिसीन."

ते माझ्याकडं पाहत राहिले. मग भिंतीवरच्या फोटोकडं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी खरंच आठवून पाहिलं, मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "असं म्हणालो होतो मी? नाही हो आठवत, ताई. हसलो होतो ते आठवतं. कचोऱ्या आणल्या होत्या ते आठवतं. हे... नाही आठवत."

खोटं बोलणारी माणसं या धंद्यात मला रोज भेटतात, वासानं ओळखते मी. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. बाप्पा रे, खोटं बोलले असते तर किती बरं झालं असतं! लपवलेलं कधीतरी बाहेर काढता येतं. यांच्याकडं ते नव्हतंच. मी दर खंडेनवमीला चहा करून ज्याची वाट पाहिली ते या माणसाच्या आत कुठंच नव्हतं. त्यांच्यासाठी ते हसता हसता बोललेलं एक वाक्य होतं, वाऱ्यावर गेलं. अपघातात पुसलं गेलं की त्याआधीच, देव जाणे. एवढी वर्षं मी एका रिकाम्या दाराबाहेर बसले होते. राग येऊन येऊन कोणावर यावा?

तरी आला. मी फोटोकडं बोट दाखवलं. "फोटोत एकच आहे, डॉक्टर. जा तुम्ही."

आणि पाठ फिरवली. जाण्याचा आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं, तर ते तसेच मान खाली घालून उभे. आणि गाडीतून ती पोरगी माझ्याकडं पाहत होती. पाय खाली पोचत नव्हते तिचे. पण डोकं दाराच्या पार वर. तिला वाटलं असेल, ही बाई आपल्यावर चिडली. तिनं घाईघाईनं पट्टा ओढून दाखवला.

"मावशी, बघा, मी पट्टापण लावलाय."

मी काय करायचं होतं? सांगा ना कोणीतरी. बाकी सगळ्या गोष्टींत भावकी सल्ला द्यायला येते.

"ठेवून जा गाडी," मी म्हणाले. "अन् पोरीले घरी पायी न्या."

वाळू भाजायला मी, नळी ओढायलाही मीच. मीठ कमी आहे म्हणायला कोणी नव्हतं. समोर कूलर घोंघावत होते, आणि मी घामाचे चर्र आवाज ऐकत नळी वळवली. माझ्यानं एका दमात झाली नाही, दोनदा तापवावी लागली, पण मोडा पडू दिला नाही. मग डावीकडचा गालिचा उचलला आणि जागा ठरवायला लोखंडावरचा काळा रंग खरवडला. रंग माझाच होता. खालून चट्टे निघाले. दादानं तोडलेले टाके, ग्राइंडरच्या आडव्या रेघांसकट, जसेच्या तसे. मी टेप बाजूला ठेवला. कमानीचे पाय त्या चट्ट्यांवर टेकवले, बरोबर बसले. ती जागा त्यानं माप घेऊनच ठरवलेली होती. हसता हसता तिथून कमान काढली आणि मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून तिथंच जाऊन बसला.

मी जोडलं. मुखवट्याच्या आत रडलं तर काच धुरकटते, म्हणून थांबून थांबून जोडलं. खवले त्याच्यासारखे नाही आले. घासून सपाट मात्र केलं नाही. लटकून पाहिलं, पाय वर घेतले. मग दोन्ही कमानींना काळा रंग दिला. आता ती गाडी जीपसारखी दिसते. दिसू दे.

डॉक्टर घ्यायला आले तेव्हा पोरगी सोबत होती. त्यांनी कमानीवरून हात फिरवला, डोळे भरले होते. मग वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडलं आणि माझ्याकडं पाहून अदबीनं बाजूला सरकले.

"बसा ताई. पहिला फेरा मिस्त्रीचा. तुमच्या शेडची रीत आहे ना? मला पक्कं आठवतं."

हे मात्र आठवत होतं.

"आमच्या घरचा फेरा झाला, डॉक्टर," मी म्हणाले. "पोरीले बसवा."